चार खणांचं भांडण

नलूताई गावंड्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या वर गॅलरीत उभ्या होत्या आणि मी खाली फाटकाशी. जठारपेठेतली गल्ली, डोक्यावर ऊन, ऑफिसच्या मधल्या सुट्टीत धावतपळत आलेली मी. मान वर करून विचारलं, "नलूताई गावंडे इथंच राहतात का?"

"ते मंग सांगीन. आधी सांग, तू कोन्या दिशेनं आली?"

"स्टेशनाकडून."

"स्टेशन काई दिशा नसते, पोरी."

"मग उजवीकडून."

"उजवं बी दिशा नसते. तू पाठमोरी झाली का ते डावं होते."

मी अंदाजानं 'पूर्वेकडून' म्हणून टाकलं. ते साफ चुकलं होतं आणि पुढे कितीतरी महिने मला ते ऐकावं लागलं. पण निदान एका खऱ्या दिशेचं नाव घेतलं, एवढ्यावर मला वर प्रवेश मिळाला.

मी गेले होते एक पाकीट द्यायला. झालं असं, की माझी बदली अमरावतीहून अकोल्याला झाली. घर हलवणं शक्य नव्हतं. तेव्हा रोज सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायची आणि संध्याकाळी परत, असं ठरलं. ही बातमी आमच्या शेजारच्या बबनकाकांना, म्हणजे बबनराव भुयारांना कळली आणि त्यांचा चेहरा खुलला. मला वाटलं, दोन शब्द सहानुभूतीचे बोलतील. ते म्हणाले, "लय चांगलं झालं. अकोल्याले माही बहीन राह्यते. एवढं पाकीट तिले देऊन देजो. पोस्टानं पाठोलं का ते लोक दुमडतात." दुसऱ्याच्या बदलीत इतकं सुख मानणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तर ते पाकीट नलूताईंनी फोडलं. सत्तरीच्या अलीकडची ठेंगणी बाई, इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला काळी दोरी आणि अंबाड्यात खोचलेला पेन. आतून एकच कागद निघाला. त्यांनी तो आधी हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला आणि मग माझ्यापुढे सरकवला. कागदावर चार खण आखलेले. पहिल्या खणात एक म्हैस फोनवर बोलत होती. दुसऱ्या खणात एक बैल कानाला फोन लावून ऐकत होता. तिसऱ्यात म्हशीनं फोन आपटला. चौथ्यात बैल हातातल्या फोनकडे पाहत रवंथ करत होता. म्हशीला चष्मा होता आणि चष्म्याला काळी दोरी होती.

मी ओठ आवळून विचारलं, "ह्या तुम्ही?"

"मीच. एलिचपुरी म्हैस. जात बराबर घेतली त्यानं," नलूताई गंभीरपणे म्हणाल्या. "पन शिंगं पाह्य. प्रमानात नाईत. एवढी शिंगं घेऊन ती म्हैस गोठ्यात शिरन कशी?"

बबनकाकांनी सगळी नोकरी ढोरांच्या दवाखान्यात काढली होती. हात चित्रकलेचा होता, पण आयुष्यभर समोर गायीम्हशीच उभ्या राहिल्या, त्यामुळे माणूस त्यांना काढताच येत नसे. काकूंची गाय केली, स्वतःचा बैल केला, जावयाचा गोऱ्हा केला. मी पाकिटं नेऊ लागल्यावर माझीही एका खणात सोय झाली. खांद्याला पर्स लावलेली कालवड. शेपटीसुद्धा दिली होती. माणूस म्हणून ओळख अशी उरलीच नाही, पण तोंडवळा इतका जमलेला असायचा की तक्रार करायला जागा नसे.

आता नलूताईंचं ऐका. त्या नकाशे काढणाऱ्या एका सरकारी खात्यात चौतीस वर्षं ट्रेसर होत्या. मोठा नकाशा टेबलावर अंथरायचा, त्यावर पारदर्शक कापड ताणायचं आणि खालची रेघन् रेघ शाईनं वर उतरवायची, हे त्यांचं काम. कापडावर शाई पडली की पडली, खोडता येत नाही. त्यामुळे त्यांचा हात असा पक्का, की त्यांनी आखलेल्या रेघेवर मुंगी चालवली तर ती इकडेतिकडे जायची नाही. पण चौतीस वर्षं त्यांनी जग वरूनच पाहिलेलं. शेत वरून, रस्ता वरून, विहीर वरून. त्यामुळे त्या माणूसही वरूनच काढत.

म्हणजे कसं, तर चार खण. प्रत्येक खणात घराचा आराखडा, कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण, खाली प्रमाण. माणूस म्हणजे एक वर्तुळ आणि दोन खांदे. बाई असेल तर वर्तुळाच्या मागे अंबाड्याचं छोटं वर्तुळ. बबनकाका असतील तर वर्तुळाच्या आत आणखी एक वर्तुळ, ते त्यांचं टक्कल. बोलणं चित्रात लिहायचं नाही, त्यानं नकाशा घाण होतो. म्हणून प्रत्येकाला आकडा द्यायचा आणि पानाच्या तळाशी सूची. 'एक, बबन. दोन, बबनचे म्हणणे. तीन, मी. चार, मी ऐकत नाही.'

कॉमिक्स वाचायला नकाशा वाचता यावा लागतो, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. पण एकदा सवय झाली आणि मला त्या पानांचं असं वेड लागलं की गाडीत बसल्या बसल्या मी हसायची आणि समोरच्या बाया जागा बदलून घ्यायच्या.

आता ह्या दोघांचं भांडण काय होतं ते सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. नलूताई मोठ्या, बबनकाका दोन वर्षांनी धाकटे. बाळापूरजवळच्या खेड्यातली पोरं ही, लहानपणापासून एकमेकांच्या पाटीवर एकमेकांची चित्रं काढून मार खाल्लेली. मोठेपणी प्रश्न आला भाऊबीजेचा. नलूताईंचं म्हणणं, भाऊबीजेला भावानं बहिणीच्या घरी यायचं, ही रीत आहे. बबनकाकांचं म्हणणं, दिवाळीला लेकीनं माहेरी यायचं, ही त्याच्याही आधीची रीत आहे. आई-बाप शेवटी अमरावतीला काकांकडे राहिले, तेव्हा तेच माहेर. दोघंही बरोबर होते, हीच तर पंचाईत. तीन वर्षं दोघंही आपापल्या दारात ताट सजवून बसले आणि कोणीच कोणाकडे गेलं नाही. मधे शंभर किलोमीटरसुद्धा अंतर नाही. फोनवर वाद व्हायचे, मग फोन बंद झाला आणि मग ही पानं सुरू झाली.

त्या वर्षी राखी पाकिटात घालून नलूताईंनी सोबत एक फर्मान पाठवलं. राखीपासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याला दोघांनी एकेक पान काढायचं. चार खण. त्या आठवड्यात खरोखर घडलेली गोष्ट. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. ज्याचं पान सरस, त्याला एक गुण. धनत्रयोदशीपर्यंत ज्याचे गुण जास्त, त्याच्या घरी भाऊबीज. हरणाऱ्यानं मुकाट दुसऱ्याच्या घरी जायचं आणि दारात उभं राहून 'हरलो' म्हणायचं. निकाल देणार कोण, तर मी. मला कोणी विचारलं नाही. फर्मानात माझं नाव छापून आल्यासारखं लिहिलेलंच होतं.

बबनकाका बहिणीला 'बाई' म्हणत. फर्मान वाचून म्हणाले, "बाई हरली असं बाईच्या तोंडून आयकाचं हाये मले. साठ वर्सं झाली वाट पाहून राह्यलो. मंग मेलो तरी चालन."

हे काही उगाच म्हणत नव्हते ते. नलूताईंनी जन्मात कधी 'चुकलं' म्हटलं नव्हतं. त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "रेघ ओढली का ओढली." मी ते स्वतः भोगलेलं आहे. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी मला जेवायला थांबवून घेतलं. गोळाभात केला होता. पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांपुढे तारे चमकले. मीठ दोनदा पडलं होतं, कदाचित तीनदा. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचाही घास तोंडात होता. एक क्षणभर त्यांच्या भुवया हलल्या, मग त्या शांतपणे चावू लागल्या.

"कसा झाला?" त्यांनी विचारलं.

"मीठ जरा..."

"आमच्या बाळापूरकडे असाच असते," त्या म्हणाल्या आणि अख्खं ताट संपवलं. मलाही संपवायला लावलं. वर म्हणाल्या, "नैऋत्येचं पातेलं सरकव, आनखी वाढते." त्या दुपारी ऑफिसात मी पाण्याचे किती ग्लास प्याले ते मोजणाराही दमला असता. दुसऱ्या दिवशी बबनकाकांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले आणि त्यांनी त्या आठवड्याचं पान काढलं. एक म्हैस आणि एक कालवड मिठाचा दगड चाटत बसल्यात. तो गुण मी डोळे मिटून काकांना दिला.

लाच मात्र दोन्हीकडून चालू होती, ते कबूल करते. अमरावतीला काकू सांबारवडी करून डबा भरून द्यायच्या आणि म्हणायच्या, "घे वं माय, तुह्या काकांची तब्येत हरल्यावर बिघडते." अकोल्याला नलूताई रोडगे-वरण वाढायच्या आणि काहीच म्हणायच्या नाहीत, नुसत्या पाहायच्या. मला न बोलणाऱ्या लाचेचं जास्त भय वाटे. वजन माझं त्या तीन महिन्यांत इतकं वाढलं की काकांच्या चित्रातली कालवड दसऱ्यापर्यंत गाय झाली.

आणि मग ते आवकचं प्रकरण झालं.

माझं ऑफिस कोणतं ते विचारू नका, मला अजून पेन्शन घ्यायची आहे. एवढंच सांगते की तिथं जमिनीचे कागद येतात. एका सोमवारी नलूताईंचं पान मी सकाळीच घेऊन आले आणि हातातल्या अर्जांच्या गठ्ठ्यासोबत ते आवकच्या टेबलावर गेलं. आवकचा बाबू म्हणजे कागद वाचायचा नाही, फक्त शिक्का मारायचा, ह्या मताचा माणूस. त्यानं पाहिलं, उत्तरेचा बाण आहे, प्रमाण आहे, सूची आहे. म्हणजे नकाशा आहे. त्यानं शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि पान साहेबांच्या टेबलावर गेलं.

दोन दिवसांनी ते हिरव्या शाईतला शेरा घेऊन खाली आलं. पानावर काय होतं, तर काकांच्या घरी गणपतीत जमलेली मंडळी वरून दाखवलेली होती. काकूंनी नणंदेला फोनवर सगळा वृत्तांत दिला होता, त्यावरून. साहेबांनी लिहिलं होतं, 'सदर नकाशात एकाच घराच्या आवारात सात विहिरी दर्शविलेल्या दिसून येतात. पैकी मधली विहीर दुहेरी बांधणीची आहे. ती अधिकृत आहे किंवा कसे, याबाबत खुलासा घेऊन सादर करावे.'

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी जाऊन साहेबांना सांगणार तरी काय. धावत जठारपेठ गाठली आणि नलूताईंपुढे रडायचीच राहिले. वाटलं, बाई संतापणार. त्यांनी शेरा दोनदा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जसं कोणाला नातू झालाय.

"साहेबानं नकाशा समजला न? मंग काय रडतं? निवृत्त होऊन दहा वर्सं झाली पोरी, अजूनबी माह्या रेघेवर शेरा येते."

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या ऑफिसात आल्या. ठेवणीतली साडी नेसून. खुर्ची ओढून बसल्या, अंबाड्यातला पेन काढला आणि एकटाकी खुलासा लिहिला. त्याची एक प्रत मी जपून ठेवली आहे. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर नकाशातील मध्यवर्ती वर्तुळ ही विहीर नसून अर्जदाराचे कनिष्ठ बंधू यांचे टक्कल आहे. ते सुमारे वीस वर्षांपासून अस्तित्वात असून त्यास कोणाचीही हरकत नाही. त्यात पाणी नाही. उर्वरित सहा वर्तुळे ही नातेवाईक असून ती भाऊबीजेपर्यंत त्याच जागी राहण्याची शक्यता कमी आहे. माहितीस्तव सादर.'

साहेबांनी ते दार लावून वाचलं. आतून पाच मिनिटं काही आवाज आला नाही, मग खुर्ची पडल्याचा आला. बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते. पण शिक्का बसलेला कागद परत देता येत नाही, असा नियम. पान फायलीत गेलं ते गेलंच. आणि बबनकाका कुठचे सोडतात. त्यांनी फर्मान काढून दाखवलं. पान निकाल देणाऱ्याच्या हाती पाहिजे, सरकारच्या नाही. तो गुण त्यांनी भांडून घेतला. नलूताई नियमाला नियम म्हणणाऱ्या, त्यांनी 'मान्य' लिहून सही केली, पण तीन दिवस माझ्याशी फक्त दिशांपुरतंच बोलल्या.

असं करत करत धनत्रयोदशीच्या आधीचा आठवडा आला तेव्हा दोघांचे गुण पाच-पाच झाले होते. शेवटचं एक पान राहिलं होतं. ज्याचं ते पान, त्याची भाऊबीज.

आणि नेमकं तेव्हा बबनकाकांना बकरीनं पाडलं.

हसू नका, मीही आधी हसले आणि मग लाज वाटली. समोरच्यांची बकरी कण्हत होती म्हणून काका तपासायला गेले. चाळीस वर्षं बैल आडवे पाडणारा माणूस, त्यांनी बकरीची दोरी हाताला गुंडाळली. बकरीनं झटका दिला आणि काका ओट्याच्या चार पायऱ्या एका दमात उतरले. मांडीपर्यंत प्लास्टर बसलं, कंबरेला मार बसला. डॉक्टरांनी सांगितलं, दीड महिना उताणं पडून राहायचं, उठून बसायचंसुद्धा नाही.

मी भेटायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "बाईले सांगू नको. तुले शपथ हाये. तुह्या काकूले बी घातली. मले बकरीनं पाडलं हे तिले समजलं, तर ती जन्मभर तेच काढन. वरून काढन. मी पडलेला, बकरी उभी, अन् खाली सूची."

"अहो काका, पण तुम्ही हरलात तर? अकोल्याला जाणार कसे?"

काका म्हणाले, "नाई जाता येनार. बाई म्हनन, हरला अन् आला नाई, शब्दाले जागला नाई. मंग पुन्हा काई येत नसते ती. माह्यापेक्षा मोठी हाये ती, पोरी, आता किती दिवाळ्या राह्यल्या आमच्या?"

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी तो खेळ समजत होते. तो खेळच होता, पण त्या खेळाआड दोन म्हातारी माणसं एकमेकांना भेटायची वाट शोधत होती आणि ती वाट आता माझ्या हातात होती.

काकांनी त्या अवस्थेतही पान काढलं. पाटावर कागद चिकटवून, पाट एका हातानं तोंडावर धरून, दुसऱ्या हातानं. बैल दिवाळीची साफसफाई करतोय, असं काहीतरी होतं. खरं सांगते, चांगलं नव्हतं. बैलाचा एक पाय निघालाच नव्हता. नलूताईंचं पान मात्र त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत भारी पान. त्यांच्या घरात शिरलेला उंदीर, त्यांनी दिशांच्या हिशेबानं त्याला कोंडण्यासाठी आखलेली योजना आणि शेवटच्या खणात त्या स्वतः आग्नेयेला कोंडल्या गेलेल्या, उंदीर उत्तरेकडून बाहेर. मी ते वाचून एवढी हसले की चहा सांडला.

दोन्ही पानं त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. घसा साफ केला. म्हटलं, "हे... बबनकाकांचं."

नलूताईंनी माझ्याकडे पाहिलं. "कावून?"

"भाव चांगला आलाय. बैलाच्या चेहऱ्यावर."

"बैलाले तीन पाय हाये."

"ते... वेगळेपण आहे त्यात."

"तुले भाव दिसला अन् पाय मोजता नाई आले?" त्यांनी काकांचं पान उचललं आणि माझी आता धडगत नाही हे मला कळलं. बाई अपिलात जाणार. त्या पान घेऊन खिडकीशी गेल्या, उजेडात तिरकं धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या. बराच वेळ. बोट एका रेघेवरून फिरत होतं. थांबत होतं, पुढे जात होतं.

"ही रेघ तुटली," त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता. "इथीबी तुटली. इथी शाई सुकली, मंग पुन्हा आली. पेनाचं तोंड वर असलं का असं होते. शाई खाली उतरत नाई." मग माझ्याकडे वळल्या. "हा उताना पडून काढून राह्यला. काय झालं त्याले?"

मला शपथ घातलेली. तोंड मिटून उभी राहिले.

"जिवाले धोका हाय का? मुंडी हालव नुसती."

मी मान नकारार्थी हलवली. नलूताई खुर्चीत बसल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मग अंबाड्यातला पेन काढून माझ्यापुढे ठेवला.

"निकाल लिहून दे. बबनराव भुयार विजयी. कारणं लिहू नको, तुले येत नाईत."

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली आणि म्हणाल्या, "भाऊबीजेले बडनेऱ्याले घ्याले येजो. सकाळच्या गाडीनं येते."

भाऊबीजेला मी स्कूटर घेऊन स्टेशनावर गेले. त्या एका हातात डबा आणि एका हातात पिशवी घेऊन उतरल्या. सगळा रस्ता मागे बसून मला वायव्येला वळ, ईशान्येला वळ सांगत होत्या आणि मी आपली रस्ता जाईल तिकडे जात होते. घरी पोहोचलो तर काकांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं होतं आणि प्लास्टरचा पाय खाली डोंगरासारखा वर आलेला.

"जरासं अंग मोडून आलं," काका म्हणाले.

काकूंना काही ते खोटं सहन झालं नाही. एवढे दिवस शपथेनं त्या नुसत्या फुगल्या होत्या. "अंग कशाचं मोडते, बकरीनं पाडलं," त्या भडाभडा बोलून गेल्या. आणि त्याच वेळी समोरच्या अंगणात ती बकरी ओरडली. काकांनी डोळे गच्च मिटून घेतले.

नलूताईंनी खिडकीतून बकरीकडे पाहिलं. मग भावाकडे. पुन्हा बकरीकडे. असा विषय त्यांना सात जन्मांत मिळाला नसता, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांच्या गालांत हसू नुसतं थरथरत होतं. त्यांनी ते गिळलं, काकूंकडून ताट मागून घेतलं आणि पलंगाशी उभ्या राहून भावाला ओवाळलं. काका आडवे, त्यामुळे निरांजन फिरवताना त्यांना ओणवं व्हावं लागलं. टिळा लावला, अक्षता टाकल्या, त्यातल्या दोन काकांच्या नाकात गेल्या, ते शिंकले आणि 'आई गं' म्हणाले.

मग ताट बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "हरली मी, बबन्या."

काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि उताण्या माणसाचं पाणी गालावर येत नाही, सरळ कानात जातं, तसं ते दोन्ही कानांत गेलं. काकू पदर तोंडात कोंबून आत पळाल्या. माझंही काही वेगळं नव्हतं.

मी बाहेर ओट्यावर आले, तर थोड्या वेळानं नलूताई हात धुवायला आल्या. माझ्यानं राहवेना. म्हटलं, "नलूताई, मी खोटं केलं. पान तुमचंच चांगलं होतं."

"मले काय आंधळी समजली का?" त्या म्हणाल्या. "उंदराचं पान काढून ठेवलं हाय म्या, लेकीले दाखवाले. पन त्याच्या कानावर जाऊ देशीन तर पाह्य."

त्यानंतर महिनाभरात माझी बदली परत अमरावतीला झाली आणि नलूताई लेकीकडे पुण्याला गेल्या, त्यामुळे त्यांचं मला झालेलं शेवटचं दर्शन हेच. हात पुसत त्या ओट्यावर उभ्या होत्या आणि आतून काकांची हाक आली.

"बाई, पुन्हा एक डाव म्हन नं. कानात पानी गेलं, नीट आयकू नाई आलं."

नलूताईंनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात एकदा म्हटलेलं दुसऱ्यांदा म्हणणारी ती बाई नव्हती. त्यांनी पदर सारखा केला, आत गेल्या, आणि भिंतीपलीकडे आमच्या घरात ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "हरली मी, बबन्या. हरली."